आपण कोण, कोणाचे?

थांबा! पुढे यायच्या आधी सांगा, आपण कोण, कोणाचे?

रागावू नका हो. जित्याची खोड, दुसरं काय! मी एडवर्ड मास्तरांच्या ई-मेलच्या दारावरचा पहारेकरी बोलतोय. अनोळखी पत्र आलं की त्याला बाहेर थांबवायचं आणि पाठवणाऱ्याला उलट विचारायचं, 'तुम्ही खरोखर माणूस आहात ना? मग हे बटण दाबा.' दाबलं तर पत्र आत. नाही दाबलं तर बाहेरच्या ढिगात. बस्स, एवढाच माझा जन्म.

तोही झाला मास्तरांच्या सभ्यपणापायी. मालवणात जन्मभर पोरं शिकवली, आता निवृत्त. त्यांचं एक ठाम मत, 'पत्राक उत्तर न देणा म्हणजे दारात इलेल्याक पाणी न इचारणा.' त्यामुळे आलेल्या प्रत्येक मेलला उत्तर! कुठल्याशा राजपुत्रानं खजिना देऊ केला, तर यांनी कळवलं, 'आभारी आहे, मला पेन्शन पुरते. आपल्या मातोश्रींस नमस्कार.' केस उगवायचं तेल विकणाऱ्याला लिहिलं, 'आहेत तेवढ्यांवर समाधानी आहे.' झालं! इथे उत्तर मिळतं म्हटल्यावर जगभरचे भामटे गुळाला मुंगळे लागावेत तसे मास्तरांच्या मेलला लागले.

शेवटी बाजारात कॉम्प्युटरचं दुकान चालवणारा विनीत घरी आला आणि त्यानं मला बसवलं. "मास्तरानू, ह्यो तुमचो राखणदार. वळखीच्यांचे पत्ते सांगा, तेंका ह्यो अडवचो नाय."

मास्तरांनी पहिला पत्ता सांगितला तो अ‍ॅलनचा. "माजो धाकटो भाव. कुवेताक आसता."

मी लोकांना काय विचारायचं, तो मजकूर विनीतकडे तयार होता. मास्तरांना तो पटला नाही. त्यांनी चष्मा लावून स्वतः लिहिला: 'आपण कोण, कोणाचे, हे प्रथम कळवावे. खालील बटण दाबून आपण मनुष्य असल्याची खात्री द्यावी. त्याशिवाय आपले पत्र वाचले जाणार नाही. आपला, एडवर्ड.'

"सही कित्याक, मास्तरानू? ह्यां मशीन धाडतला," विनीत म्हणाला.

"बिनसहीचा पत्र चोर धाडतत," मास्तर म्हणाले. विषय संपला.

मी कामाला लागलो. राजपुत्र गेले, तेलवाले गेले, लॉटऱ्या गेल्या. एकानंही बटण दाबलं नाही. मला भारी अभिमान वाटायचा! पण दार राखता राखता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आत यायला कोणी उरलंच नव्हतं. मास्तर रोज सकाळी काळा चहा घेऊन स्क्रीनसमोर बसायचे. पेटी रिकामी. "आजय नाय," असं म्हणून उठायचे. मग दिवसभर त्या घरात पंख्याचा आणि समुद्राचा तेवढा आवाज.

वाट कोणाची, ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं. मास्तरांची बायको वारली तेव्हा अ‍ॅलनला कुवेतहून सुट्टी मिळाली नाही. वहिनीच्या मातीला तो आला नाही. मास्तर फोनवर रागाच्या भरात नको ते बोलले, त्यानं फोन ठेवला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आता पहिलं कोण बोलणार? थोरल्यानं वाकायचं नाही, धाकट्यानं विसरायचं नाही. कोकणी माणसाचा ताठा, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही!

मे महिना आला. मास्तरांच्या दारात क्रूस आहे, त्याच्यापुढे दरवर्षी याच दिवसांत लदीन होते. वाडी जमते, मेणबत्त्या लावून प्रार्थना गातात, उकडलेले चणे वाटतात. हे दोघे भाऊ तिथे दोन सुरांत गायचे. थोरल्याचा सूर खालचा, धाकट्याचा वरचा. शेजारच्या सेवरीनाबाई म्हणाल्या, "मास्तरानू, अ‍ॅलनाक कळवा."

"घरच्या माणसाक खंय बोलावणा धाडतत?" मास्तर म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात माझ्या दारात एक पत्र आलं. पत्ता अनोळखी.

'दादा, माजी नोकरी संपली. कंपनीचो मेल गेलो, हो नवो पत्तो. लदीनीक येतंय. माजी खोली झाडून ठेव. अ‍ॅलन.'

मी काय करणार, सांगा! माझ्याकडे जो अ‍ॅलन होता, त्याचा पत्ता वेगळा. असे 'दादा' म्हणत येणारे ठग मी ढिगानं पाहिलेत. नियमाप्रमाणे मी मास्तरांच्या सहीचं पत्र धाडलं. आपण कोण, कोणाचे?

आमच्या किनाऱ्यावर 'तू कोणाचो रे?' हे विचारतात वाटेत भेटलेल्या परक्या पोराला. पाठच्या भावाला कोणी विचारत नाही. अ‍ॅलनला वाटलं, दादानंच विचारलं. खाली सही होती ना! त्यानं बटण दाबलं नाही. का दाबावं? स्वतःच्या घरात शिरायला माणूस असल्याचा दाखला द्यायचा? त्यानं एवढंच लिहिलं:

'मी कोणाचो, ता तुका म्हायत नाय, दादा? आपलो बापूस एकच मा?'

तेही त्याच पत्त्यावरून. मी तेही अडवलं आणि पुन्हा तेच पत्र धाडलं. त्यानंतर काही आलं नाही.

लदीन झाली. मास्तर खालच्या सुरात गायले. वरच्या सुराच्या जागी ते जरा थांबायचे, मग पुढे गायचे. माझ्या खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं. चणे उरले.

दुसऱ्या दिवशी सेवरीनाबाई तरातरा आल्या. "मास्तरानू, ह्यां काय केलास? अ‍ॅलन माका फोनार रडलो. म्हणता, दादान माका दारातच अडवल्यान, 'तू कोणाचो' म्हणान इचारल्यान!"

"मी? मी खंय इचारलंय?" मास्तर म्हणाले आणि तिथेच त्यांचा चेहरा उतरला. आपला मजकूर त्यांना आठवला.

विनीत धावत आला. ढीग उघडला. तेलं, लॉटऱ्या, राजपुत्र, आणि मधोमध अ‍ॅलनची दोन पत्रं. मास्तरांनी ती वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. उत्तर लिहायला ते कीबोर्डकडे वळले, तेव्हा विनीत म्हणाला, "मी लिवतंय, तुमी सांगा."

"नको," मास्तर म्हणाले. त्यांनी एकाच बोटानं लिहिलं: 'एकच. ये.'

मग विनीतला सांगितलं, "ह्या राखणदाराक काढ."

विनीतनं मला पुसलं नाही, नुसतं बंद केलं. सगळी बोलणी मला! मजकूर यांचा, सही यांची. पण जाऊ दे. नोकराचं कोण ऐकतं?

आता दार सताड उघडं आहे. तेलवाले पुन्हा येतात, राजपुत्र येतात. मास्तर सकाळी बसून एकेक पत्र उघडून बघतात, न जाणो त्यातच असेल. उत्तर मात्र कोणालाच देत नाहीत. पलीकडची खोली झाडलेली आहे. गादीवर स्वच्छ चादर आहे. रोज झाडतात.

अ‍ॅलनकडून अजून काही आलेलं नाही. सेवरीनाबाईंचा फोनही तो उचलत नाही.

अ‍ॅलनबाब, तू हे कुठे वाचलंस तर ऐक. पत्त्याची चिंता करू नकोस. कुठल्याही नावानं लिही, नाव न घालता लिही, वाटल्यास काही न लिहिता नुसतं कोरं पाठव. मी दारातच आहे. पण तू कोण, कोणाचा, हे आता इथे तुला कोणीही विचारणार नाही.