देवाच्या टोपलीतला खोटा रुपया

मी एक रुपया बोलतोय. खोटा. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुम्हाला ते स्वतःहून कळलं नसतं. माझ्यावर राजाचं डोकं आहे, मागे वेलबुट्टी आहे, १९१८ साल आहे. एवढं दिसलं की माणसं पुढचं बघतच नाहीत.

माझा जन्म टांकसाळीत झाला नाही. शहराबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, तोंडाला फडकं बांधलेल्या माणसाने पितळेचा रस साच्यात ओतला आणि मी झालो. माझ्याबरोबर साठ भाऊ झाले. सगळ्यांचं साल एक, राजा एक. मग आमच्यावर चांदीचं पाणी चढवलं. बऱ्याच भावांना काळं करून म्हातारं बनवलं. मला मात्र कोरं ठेवलं. "एखाददुसरा चकचकीत लागतो," तो माणूस म्हणाला, "शिकलेल्या गिऱ्हाइकासाठी."

ते शिकलेलं गिऱ्हाईक म्हणजे जगन.

जगन मोखाडा-जव्हार जीप चालवतो. घर सूर्यमाळकडच्या एका पाड्यावर. शाळा आठवीत सुटली. वय पंचवीस, पण मागून कुणी "थांबव रे" म्हटलं तर हा नुसती मान हलवून जीप थांबवतो. तोंड उघडायला जणू भाडं पडतं. जव्हारच्या स्टँडवर सीट भरेपर्यंत तो मोबाइलवर जुन्या नाण्यांचे व्हिडिओ बघायचा. त्यातून तो एकच गोष्ट शिकला होता. नाणं जितकं कोरं, तितका त्याचा दर्जा वरचा. अर्धं शिकलेला माणूस मला फार आवडतो. त्याला फसवायला कष्ट पडत नाहीत.

त्याच्या घरी देवाची टोपली होती. टोपलीत तांदूळ, तांदळात एक बंदा रुपया, पणज्याच्याही आधीपासूनचा. काळा, झिजलेला, राजाचं नाक सपाट झालेला. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला भाऊबंद जमले की टोपली खाली उतरायची. जगनचा थोरला चुलता देवजी रुपयाला दूध घालायचा, हळद लावायचा आणि परत तांदळात ठेवायचा. मधल्या वर्षभरात त्याला कुणी हात लावत नसे.

जगनने लावला. चैत्रात मोखाड्याच्या जत्रेला जाताना त्याने तो रुपया खिशात टाकला. म्हणे, दर्जा विचारून येतो.

आम्हा भावांना चादरीवर मांडून बसलेल्या मालकाने तो काळा रुपया नुसता उचलला. त्याच्या बोटांना वजन कळलं, हे मी पाहिलं.

"मेलाय हा," मालक म्हणाला. "नाक गेलं, काळा पडला. याला कोण विचारतंय? पण तुम्ही जाणकार दिसता दादा. हा ठेवा इथं, बदल्यात हा कोरा न्या. एकच उरलाय."

"अनसर्क्युलेटेड?" जगनने हळूच विचारलं. म्हणजे चलनात न फिरलेलं; वर्षभरात पाठ केलेला एकुलता एक शब्द.

"तेच, तेच."

खरा रुपया मालकाच्या डब्यात पडला, छन्न वाजला. मी जगनच्या खिशात किल्लीवर आपटलो, टक्क वाजलो. दोन्ही आवाज जगनने ऐकले आणि खुशीत चालू लागला.

घरी आल्यावर त्याने आईला, सकूला, सांगितलं, "आय, देवाचा रुपया सोनाराकडून धुवून आणला."

"आगं माय! देव कसा झळकतो!" सकू म्हणाली. तिने पदराने हात पुसले आणि मला तांदळात बसवलं.

बसवण्याआधी जगनने माझा फोटो काढून घेतला होता. वाघाच्या चित्राच्या ब्लँकेटवर ठेवून, वर फ्लॅश मारून. फोटोत राजाच्या जागी पांढरा गोळा आणि शेजारी वाघाचा पंजा. तो त्याने नाणी जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'अनसर्क्युलेटेड'. ग्रुप चालवणारे हेमंत सर जव्हारला एका कचेरीत कारकून आहेत, वीस वर्षं नाणी जमवतात. त्यांनी एवढंच विचारलं, "कडेचा फोटो? वजन?"

जगनने ग्रुप उघडणंच सोडलं. शेवटी शनिवारी सरांनीच त्याला स्टँडवर गाठलं.

"कोरा आहे म्हणता, मग तो रुपया कड दाखवायला लाजतो कशाला?"

"घरी आहे सर. देवात."

"असू दे देवात. तोवर जीपमधली सुट्टी नाणी बघा. झिजलेलं कसं दिसतं ते आधी कळू दे. कोरं काय ते मग आपोआप कळेल."

जगन त्या सुट्ट्या नाण्यांच्या मागे लागला आणि मी देव झालो. सांगायला हसू येतं. रोज दिवेलागणीला सकू माझ्यापुढे हात जोडायची. वैशाखात विहीर आटली तेव्हा माझ्याकडे टँकर मागितला. पितळेच्या तुकड्याकडे! टँकर चौथ्या दिवशी आला आणि श्रेय मला मिळालं. मग शेळीचं पोट फुगलं, ते माझ्याकडे आलं. सकूचा स्वतःचा गुडघा माझ्याकडे. ठाण्याला कामावर असलेल्या करिष्माचा, लेकीचा, फोन लागत नव्हता, तोही मीच लावायचा. मी तांदळात पडून मनात म्हणायचो, बाई, माझ्या अंगावरचं पाणीसुद्धा उसनं आहे, तुला काय देऊ?

इकडे जगनचं शिकणं चाललं होतं. ते मला त्याच्या घरातल्या बडबडीवरून कळायचं, कारण एकटा असला की तो नाण्यांशी बोलायचा. नाणं कडेने धरायचं, बोट तोंडावर ठेवायचं नाही. राखेने, चिंचेने घासायचं नाही. झीज आधी उंच जागी बघायची, गालावर, कानावरच्या केसांवर. फोटोला फ्लॅश नको, बाजूने उजेड हवा. दोन स्टीलच्या पेल्यांवर काच, काचेवर मोबाइल, खाली नाणं, बल्बला फरसाणवाल्याकडचा बटर पेपर. स्टँडवर बॉनेटवर त्याची ही मांडामांड बघून दुसरा जीपवाला संदीप ओरडायचा, "ओ फोटोग्राफर! पासिंजर उन्हात वाळले, त्यांचापन एक काढ!" सगळे हसायचे. जगन कानापर्यंत लाल व्हायचा, पण पेले उचलायचा नाही.

वाघबारशीला तीन दिवस होते. दुपारी सकू रानात गेलेली. जगनने टोपली उतरवली आणि मला दाराच्या उजेडात, काचेखाली ठेवलं. मी म्हटलं, ये, बघ. तुझ्यासारखे पुष्कळ पाहिलेत.

त्याने मला हळूहळू तिरकं केलं. कोऱ्या नाण्यावर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो, हे तो शिकला होता. माझ्यावरचा फिरला नाही. तेलाच्या डागासारखा एका जागी बसून राहिला. त्याने फोटो मोठा केला. राजाच्या गालावर बारीक खड्डे, साच्यात अडकलेल्या हवेचे. मग त्याने मला उभं धरलं आणि कडेचा फोटो काढला. दातऱ्यांच्या मधोमध साच्याच्या सांध्याची रेघ. सरांकडून आणलेल्या काट्यावर मी नऊ ग्रॅम भरलो. हवे होते साडेअकराच्या वर.

जगनने काटा पुसून पुन्हा वजन केलं, तेच आलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं त्याने वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो मोखाड्याच्या बाजारात तासभर मालकाला शोधत फिरला. जत्रेतली चादर सात महिने कुणासाठी पसरलेली राहते? रिकाम्या हाताने आला आणि मला परत तांदळात ठेवलं.

मी निर्धास्त होतो. त्याने फक्त गप्प राहायचं होतं, आणि त्यात तर त्याचा हातखंडा. देवजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. दूध झालं, हळद झाली की मी पुढच्या वर्षापर्यंत देव. सांगितलं तर भाऊबंदांत तोंड दाखवायची सोय नाही, आणि आईचा विश्वास जाणार तो वेगळाच.

वाघबारशीला घर माणसांनी भरलं. देवजीने मला तांदळातून उचललं. सकूने दुधाची वाटी पुढे केली. तेवढ्यात जगन माणसांतून वाट काढत आला आणि त्याने मोबाइल आईच्या डोळ्यांपुढे धरला.

"आय, बघ."

"आत्ता? पूजा चाललीय ना रं!"

"बघ ना."

पडद्यावर मी होतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फोटो चांगला होता, हे मला कबूल करावं लागतं. बाजूचा उजेड, हात जराही न हललेला, एकेक खड्डा मोजून घ्यावा असा.

"अरं देवा," सकू म्हणाली, "याला फोड्या कशा आल्या? देवाला गोवर आला का काय?"

दोनतीन जण हसले.

"देव नाय तो, आय. खोटा रुपया हाय. आपला मी जत्रेत बदलला. सोनाराकडं गेलोच नव्हतो. तुला खोटं सांगितलं."

एवढं सलग बोलताना त्याला मी पहिल्यांदाच ऐकलं. देवजीने मला उंबऱ्याच्या दगडावर टाकलं. टक्क. मोतीबिंदू डोळ्यांत होता, कानात नव्हता.

"आपला कुठं हाय?"

"गेला, काका."

"जव्हारला जाऊन रुपया वळखाय शिकलास म्हनं. लई लवकर शिकलास!"

सकू माझ्याकडे बघत होती. "मंग सात महिने मी कोनाला हात जोडलं?"

सात महिने मी तिला हसलो होतो. त्या वेळी मात्र हसू आलं नाही.

देवजीने सुपारी मागवली, धुतली आणि तांदळात ठेवली. दूध सुपारीला गेलं. मी उंबऱ्यापाशी पडून होतो, लेकरं माझ्यावरून उड्या मारत होती. सकूने चार दिवस जगनला ताट वाढलं, पण 'खा' म्हटलं नाही. पाचव्या दिवशी भाकरी पुढे सरकवत म्हणाली, "फोटो मातर चांगला काढलास मेल्या." आणि पदर डोळ्यांना लावला.

ग्रुपवरही जगनने कडेचा तो फोटो टाकला आणि आपलं 'अनसर्क्युलेटेड' मागे घेतलं. हेमंत सरांनी उत्तर दिलं, "आता नाणं बघायला शिकलात." बस्स.

हल्ली मी जीपमध्ये काचेजवळ असतो, प्लास्टिकच्या पाकिटात. माझे साठ भाऊ, काळे आणि कोरे, अजून चादरींवर बसलेत. तुमच्या गावच्या जत्रेत भेटले तर त्यांची तोंडं बघू नका, आम्ही तोंडाचे गोड. कड बघा.

जव्हारच्या वाटेवर पुढच्या सीटवरचं कुणी ना कुणी मला बोटाने टोचतं. "काय रे जगन, राजाचा रुपया? खरा का?"

"खोटा हाय," जगन म्हणतो, मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "मी फसून घेतला. थांबा, कड दाखवतो."

दिवसातून पाचसहा वेळा मला हे ऐकावं लागतं. अजून सवय झालेली नाही.