छत्तीसची घट

“पुंजाराम, काटा वाकडा दिसून राह्यला की रे.”

पुंजारामचा जुना सोबती भागवत यानं चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि भिंतीवरच्या फोटोला नाक लागेल इतका पुढे सरकला. नवीन जालन्याच्या धान्याच्या मोंढ्यातल्या त्या अडतीत तेव्हा सात-आठ माणसं चहा पीत होती. सगळ्यांचे कप हवेतच थांबले.

फोटो चार फूट बाय तीन फुटांचा. पंधरा दिवसांपूर्वी, एकेचाळीस वर्षं मापाडीपण करून पुंजाराम मोकळा झाला, त्या दिवशीचा. तीन बल्ल्यांना टांगलेला मोठा तराजू, एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात सोयाबीनचं पोतं, आणि शेजारी गळ्यात हार घातलेला पुंजाराम, उजवा हात वर. मापाड्याचा हात वर गेला की तोल झाला. त्यानंतर शेतकऱ्यानंही बोलायचं नाही आणि व्यापाऱ्यानंही नाही. अडतीचा मुनीम कल्याण यानं आपल्या नव्या मोबाइलवर तो फोटो काढला होता आणि हौसेनं एवढा मोठा करून आणला होता.

“कोन्या बाजूला वाकडा?” पुंजारामनं विचारलं.

“मालाच्या.”

मालाच्या बाजूला म्हणजे पोतं जड. म्हणजे शेतकऱ्याचं पसाभर सोयाबीन फुकट गेलं, आणि तेही पुंजारामच्या हातून.

आता पुंजारामचा तोल म्हणजे काय, हे मोंढ्याबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. काट्यावर डास बसला तर तो आपखुशीनं उठेपर्यंत पुंजाराम हात वर करत नसे. एकदा अंतरवाली सराटीच्या एका शेतकऱ्यानं भाव ऐकून पोत्यावर उसासा टाकला, तर “उसासा वापस घ्या, मंग तोलतो” म्हणून यानं सगळा तोल मोडला होता. आसपासच्या अडतींत लाल आकड्यांचे इलेक्ट्रॉनिक काटे आले, तरी कुंभार पिंपळगावची मंडळी येऊन येऊन याच तराजूपुढे गाड्या लावत. मोंढ्यात सांगतात त्यातलं निम्मं खोटं धरलं, तरी उरलेल्या निम्म्यावर एक माणूस जन्मभर ताठ चालू शकतो.

त्या संध्याकाळी पुंजाराम वाकून घरी गेला.

“फोटूच वाकडा टांगला असंल,” सगुणाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. “तुमी कामून वाकडे होऊन राह्यले?”

“फोटू बराबर हाय. ओळंबा लावून पाह्यला.”

“मंग भागवतभावजीचा चष्मा वाकडा.”

 भागवतच्या चष्म्यावर पुंजारामनं खापर फोडलं असतं, पण चहा पिणाऱ्या सगळ्यांनाच काटा वाकडा दिसला होता. फक्त त्याला एकट्याला दिसला नव्हता. त्याला त्या जागी दोन काटे दिसले होते, आणि त्यातला खरा कोणता हे काही केल्या ठरेना.

दुसऱ्या दिवशी कल्याणचा मोबाइल मागून घेऊन तो स्टेशनाजवळच्या भालचंद्ररावांच्या स्टुडिओत गेला. पस्तीस वर्षांत निम्म्या जालन्याची लग्नं या भालचंद्ररावांनी काढली होती. त्यांनी फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि काटा मोठा करत नेला. आधी दांडी मोठी झाली, मग काटा बोटाएवढा झाला, आणि मग काटाच नाहीसा होऊन त्या जागी पिवळट चौकोन आले. विटा रचाव्यात तसे. वरच्या दोन विटा इकडे, खालच्या दोन जराशा तिकडे.

“अजून मोठा करा.”

“विटाच मोठ्या होतील, पुंजारामभाऊ. यापुढे फोटोला काही माहीत नाही.”

“आसं कसं? कल्याण म्हने, अठ्ठेचाळीसचा कॅमेरा हाय.”

“मेगापिक्सेल. खोक्यावर अठ्ठेचाळीसच लिहिलेलं असतं. पण हा फोटो बाराचा निघालाय.”

पुंजाराम खुर्चीत एकदम सरळ झाला. कालपासून पहिल्यांदाच त्याला कळेल अशी भाषा कुणीतरी बोललं होतं.

“अठ्ठेचाळीस लिवायचं अन् बारा भरायचं? छत्तीसची घट? अन् तुमी आसं गुमान सांगून राह्यले?”

“घट नाही हो.” भालचंद्ररावांनी कपाळ चोळलं. “असं बघा. कॅमेऱ्याच्या आत नखाएवढी चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर अठ्ठेचाळीस दशलक्ष वाट्या बसवल्यात, उजेड धरायला. नखावर एवढ्या बसवायच्या म्हटल्यावर त्या किती बारीक होणार? अडतीच्या पत्र्याखाली उजेड कमी. एकेका वाटीत पडला जेमतेम थेंबभर. मग मोबाइल काय करतो, शेजारशेजारच्या चार वाट्या एकात ओततो आणि त्यांचं एक माप धरतो. अठ्ठेचाळीसचे झाले बारा.”

“मंग छत्तीस गेले कुठं?”

“गेले नाहीत. मिसळले.”

“मिसळले,” पुंजाराम म्हणाला. मोंढ्यात हा शब्द चांगल्या अर्थानं कुणी वापरत नाही.

भालचंद्ररावांनी कपाटातून आपला जुना जाडजूड कॅमेरा काढला. “हा बाराचाच. पण याची चकती बिस्किटाएवढी, वाट्या मोठ्या. यानं काढला असता तर काटा बराच साफ आला असता.”

“ह्याचे बी बारा, त्याचे बी बारा. मंग ह्याचे बारा जड कसे?”

“जड नाही, साफ.”

“बारा म्हंजे बारा असतंय, सायेब. क्विंटल कुठं मोठा-लहान असतो का?”

भालचंद्ररावांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला आपण उगाच शहाणा समजत होतो. शेवटी भालचंद्ररावच म्हणाले, “खरं सांगू का, यात अजून एक भानगड आहे. प्रत्येक वाटीला एकच रंग कळतो. कुणाला लाल, कुणाला हिरवा, कुणाला निळा. बाकीचे दोन रंग ती शेजारच्या वाट्यांना विचारून भरते.”

“विचारून?”

“अंदाजानं. तुमचा काटा पितळेचा, बारीक. तो नेमका दोन वाट्यांच्या मधे पडला. मग कॅमेऱ्यानं शेजाऱ्यांना विचारलं की इथं काय असेल, आणि शेजाऱ्यांनी सांगितलं ते लावून टाकलं. तुमचा काटा वाकडा होता असं या फोटोवरून कुणालाही म्हणता येणार नाही. बिलकुल नाही.”

पुंजारामचा चेहरा खुलेल असं त्यांना वाटलं होतं. पण शेजाऱ्याला विचारून भरतो, हे ऐकल्यावर हातातली बशी त्यानं तशीच खाली ठेवली.

कारण त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. आज-काल आलेला नाही, तीन वर्षांचा. दिवाळीनंतर ऑपरेशन करू म्हणत त्यानं तीन दिवाळ्या काढल्या होत्या. तराजूचा काटा दोन झाला, तेव्हा समोर उभा राहून पोत्यात माल टाकणारा संपत हमाल एक दिवस उगाच खाकरला. पुंजारामनं हात वर केला. पुढच्या पोत्याला संपत पुन्हा खाकरला. दोघांत त्याबद्दल कधी शब्द झाला नाही. तीन वर्षं काटा मधोमध आला की संपत हलकेच खाकरायचा, आणि पुंजारामचा हात वर जायचा. मोंढ्याला वाटायचं, संपतला धुळीचा त्रास आहे.

निरोपाच्या आठ दिवस आधी संपत वारला. दिवाळीच्या सुट्टीत मोंढा बंद होता, म्हणून तेवढे दिवस निभावले. राहिलं ते हार घालून तोललेलं शेवटचं पोतं. त्या पोत्यापुढे पुंजाराम बराच वेळ थांबला होता. गहिवरून आलंय म्हणून लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि टाळ्यांमध्येच त्यानं हात वर केला होता.

म्हणजे कॅमेऱ्यानं अंदाजानं काढलेला फोटो होता तो, अंदाजानं केलेल्या तोलाचा. आता यातलं वाकडं काय आणि सरळ काय, हे जालन्यात कुणाला विचारावं?

दुपारी कल्याणचा मोबाइल परत करायला तो अडतीत आला तेव्हा भागवत त्याच फोटोखाली पोत्याला टेकून बसला होता.

“काय म्हनले सायेब?”

“फोटूला न्हाई कळत म्हनले. लई मोठा हिशोब हाय त्याचा. चार वाट्या एकात ओतते.”

“मंग झालं तर. मी बी मजाक करून राह्यल्तो गड्या. मला काय म्हाईत, तू रातभर जागशील.”

“भागवत,” पुंजाराम त्याच्याकडे न बघता म्हणाला, “काटा वाकडा नव्हता, हे बी मला सांगता येत न्हाई.”

भागवतनं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. कल्याण वहीतून डोकं वर काढून बघत होता, त्याच्याकडे एकदा बघितलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठला आणि खुंटीवरचा तराजू उतरवायला लागला. निरोपाच्या दिवशी घातलेली झेंडूची माळ अजून दांडीवरच होती, वाळून खडखडत.

“काय करून राह्यला?”

“तोलू की एक पोतं. सोयाबीन पडलंच हाय. हातावर घटीचा बट्टा कामून ठेवायचा?”

कल्याणनं तिन्ही बल्ल्या आणून उभ्या केल्या, आणि लगेच त्याचा मोबाइलही फोटोसाठी वर आला.

“ते खिशात घाल,” भागवत म्हणाला.

तराजू टांगला. एका पारड्यात वजनं गेली, दुसऱ्यात पोतं. भागवत संपतच्या जागी जाऊन उभा राहिला आणि पत्र्याच्या डब्यानं पोत्यात माल टाकू लागला. आधी डबाभर, मग अर्धा, मग मुठीनं, मग चिमटीनं. साखळ्या करकरल्या आणि थांबल्या. पुंजारामला समोर दोन काटे दिसत होते, दोन भागवत, आणि भिंतीवर हात वर केलेले दोन पुंजाराम. त्यानं कशाकडेच बघितलं नाही. तो मान खाली घालून उभा राहिला.

भागवतनं दोन दाणे परत काढले. एक टाकला.

आणि हलकेच खाकरला.

मोंढ्यात हे किती जणांना ठाऊक होतं, आणि कधीपासून, ते पुंजारामनं विचारलं नाही. त्यानं उजवा हात वर केला. पोती मोजताना पहिल्या पोत्याला मोंढ्यात ‘एक’ म्हणत नाहीत. रस्त्यापर्यंत ऐकू जावं असा सूर लावून त्यानं पुकारलं,

“लाभ.”