आमच्याकडे काही कमी नाही

टेक्सासमधल्या अर्विंगचे लोक उल्हासरावांना पाठीमागे 'स्कॉटलंडकाका' म्हणायचे. हे उल्हासरावांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. माणसाने जन्मात एकदा दहा दिवस ग्लासगोला पुतणीकडे जाऊन यावं आणि त्या भांडवलावर सहा वर्षं बोलत राहावं, हा काही लहानसहान पराक्रम नव्हे. पुतणी शिवांगी तिथे एका लाँड्रीत काम करते. साधी लाँड्री नाही, सोशल एंटरप्राइझ! म्हणजे धंदा करायचा, पण नफा कुणी खिशात घालायचा नाही; ज्यांना दुसरीकडे कुणी उभं करत नाही त्यांना कामावर घ्यायचं; आणि कमी पडेल ते कुठल्या तरी निधीतून मिळवायचं. उल्हासरावांनी तिथे तीन दिवस चादरींच्या घड्या घातल्या आणि टेक्सासला परतले ते एकदम संस्थापक होऊनच.

त्यांच्या संस्थेचं नाव 'सोबत'. अर्विंगमध्ये ज्याला गाडी चालवता येत नाही तो घरात कोंडलेला. मुलगा-सून ऑफिसात, नातवंडं शाळेत, आणि आजी-आजोबा खिडकीत बसून समोरच्या लॉनवरचा फवारा बघतायत. अशांना डॉक्टरकडे, लायब्ररीत, देवळात, भाजीला नेणारी एक व्हॅन उल्हासरावांनी सुरू केली. माणशी तीन डॉलर भाडं. व्हॅन सोळा वर्षांची. तिचं सरकतं दार लाथ घातल्याशिवाय लागत नसे. एसी होता, म्हणजे एसीचं बटण होतं.

व्हॅन चालवायची रुपाली. नागपूरची, पंचेचाळिशीतली. ग्रीन कार्ड हातात आलं त्याच वर्षी नवरा हातातून गेला. अठरा वर्षं घर सांभाळलेलं, त्यामुळे नोकरी कुणी देईना. उल्हासरावांनी दिली, आणि हे ते कुणालाही पाच मिनिटांच्या आत सांगत. रुपाली आणि तिची हायस्कूलमधली मुलगी रुही, दोघींचं घर या पगारावर चालायचं. पगाराचे पैसे डॅलसच्या एका फाउंडेशनकडून यायचे. तिथल्या एक वयस्कर बाई वर्षातून एकदा यायच्या, चहा प्यायच्या, व्हॅनमधून एक चक्कर मारायच्या, दाराला स्वतः लाथ घालायच्या आणि चेक पाठवायच्या. असं पाच वर्षं सुखाने चाललं.

मार्चमध्ये त्या बाई रिटायर झाल्या आणि पत्र आलं. नियम बदलले होते. यापुढे कुणालाच अनुदान नाही. जे आपल्या पायांवर उभे आहेत त्यांनी कर्ज काढून वाढावं. जे खरोखर अडचणीत आहेत त्यांना एक वर्षाची शेवटची मदत मिळेल. त्यासाठी नव्या अधिकारी भेटायला येतील, काय हवं ते त्यांना नेमकं सांगावं.

"नेमकं सांगा म्हणतायत," शुभाताई म्हणाल्या. उल्हासरावांबरोबर बेचाळीस वर्षं संसार केलेली बाई ती, चष्म्याच्या वरून बघत म्हणाली, "जमणारे का तुम्हाला?"

प्रश्न रास्त होता. उल्हासराव एकतीस वर्षं टेलिकॉम कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होते. दर शुक्रवारी रिपोर्ट द्यायचा: काम ठीक असेल तर हिरवा रंग, अडलं असेल तर पिवळा, बुडालं असेल तर लाल. उल्हासरावांनी एकतीस वर्षांत हिरव्याशिवाय रंग वापरला नाही. एका प्रोजेक्टचा क्लायंट सोमवारी कोर्टात गेला, त्याच्या आधीच्या शुक्रवारीसुद्धा यांचं आपलं हिरवंगार!

त्यात नव्या अधिकाऱ्याचं नाव निघालं इला. आईवडील ठाण्याचे, जन्म ह्यूस्टनचा. मग काय विचारता! "आपलीच मुलगी आहे," उल्हासराव म्हणाले. आणि आपलीच मुलगी येणार म्हटल्यावर आपल्या पद्धतीने तयारी नको का करायला? शेजारच्या अनीशची नवी कोरी सात सीटची गाडी एक दिवसासाठी मागून आणली. आपली म्हातारी व्हॅन ग्रोसरी स्टोअरच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांपलीकडे लपवली. शुभाताईंनी श्रीखंड-पुरी, अळूवड्या, मसालेभात असा घाट घातला. आजी-आजोबांना सक्त ताकीद: तक्रारीचा सूर नको.

"काका, हे काहून?" रुपाली म्हणाली. "आपलीच व्हॅन दाखवा नं तिला. दार लागत नाही, हेच तर दाखवायचं आहे."

"अगं, पाहुण्यांसमोर फाटकं नेसून बसतं का कुणी?" उल्हासराव म्हणाले. "तू फक्त हसत राहा."

इला आली. तिशीची, पाठीवर सॅक, मराठी समजायची पण बोलताना वाक्याच्या मध्यावर इंग्रजीत उतरायची. बसल्या बसल्या तिने वही काढली आणि विचारलं, "काका, सो, तुम्हाला काय नीड आहे?"

"छे छे, आम्हाला काय हवंय! तू आलीस यातच सगळं आलं. आधी जेव."

तिने दोन पुऱ्या खाल्ल्या आणि म्हणाली, "नो थँक यू, पोट भरलं." शुभाताईंनी आणखी दोन वाढल्या. तिने पानावर हात आडवा धरला, तर उल्हासरावांनी हाताच्या बाजूने श्रीखंड सोडलं. एवढी एक, माझ्यासाठी, लाजू नकोस, असं करत करत पोरीला सात पुऱ्या खायला लावल्या. मग अनीशच्या गाडीतून चक्कर झाली. गार हवेत श्रीरामकाका, वय वर्षं ब्याऐंशी, आज्ञाधारकपणे म्हणाले, "फार सुख आहे हो!" इलाने तिथे पुन्हा विचारलं, "काका, रिअली, काही प्रॉब्लेम? काही हवंय?" उल्हासराव हसून म्हणाले, "आमच्याकडे काही कमी नाही बघ." निघताना, सॅकमध्ये वड्यांचा डबा कोंबला जात असताना, तिने तिसऱ्यांदा विचारलं. दारातच थांबून, त्यांच्या डोळ्यांत बघून विचारलं. उल्हासरावांना वाटलं, आता चौथ्यांदा विचारेल, मग जरा आढेवेढे घेऊन हळूच पगाराचं काढू. म्हणून ते म्हणाले, "काही नको गं."

ती म्हणाली, "ओके." आणि गेली!

त्याच संध्याकाळी रुपालीने त्यांना गाठलं. "काका, एअरपोर्टच्या शटलवाल्यांचा फोन आला आहे. पर्मनंट नोकरी आहे, इन्शुरन्स आहे. शुक्रवारपर्यंत सांगायचं आहे. मला हे काम आवडते, मी जायची नाही. पण आपला पगार नक्की आहे नं?"

"नक्की म्हणजे काय! काळ्या दगडावरची रेघ!" उल्हासराव म्हणाले. रुपालीने एअरपोर्टला नाही म्हणून कळवलं.

दोन आठवड्यांनी फाउंडेशनची मेल आली. पहिलाच शब्द 'अभिनंदन'. या देशात घालवून देतानाही आधी अभिनंदन करतात. 'सोबत' आता पूर्णपणे स्वावलंबी झाली असून तिला कोणत्याही मदतीची गरज उरलेली नाही, हे पाहून आम्हाला अत्यंत आनंद होत आहे, वगैरे. मेलला एक फोटो जोडला होता. त्यात अनीशची गाडी ऐटीत उभी होती आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून एक टक्कल पडलेला मूर्ख हसत होता. तो मूर्ख आपणच आहोत हे ओळखायला उल्हासरावांना चष्म्याची गरज पडली नाही.

रुपालीला सांगायला हवं होतं. त्याच दिवशी, त्याच तासाला. पण ती रोज सकाळी विचारायची, "फाउंडेशनचं काही आलं का, काका?" आणि यांच्या तोंडून रोज निघायचं, "प्रोसेसमध्ये आहे." आधी सगळं सुरळीत करू, मग सांगू, उगाच कशाला तिच्या जिवाला घोर, असं ते स्वतःला समजवायचे. घोर तिचा नव्हता हो, लाज यांची होती! बाहेरून आलेलं सगळं खोटं उल्हासरावांना चटकन ओळखू येई. घरचं मात्र अजिबात नाही.

सहानुभूती मिळावी म्हणून त्यांनी ग्लासगोला फोन लावला. शिवांगी म्हणाली, "काका, आमच्याकडेही यंदा सगळं बदललं. आम्हाला मार्ग दाखवायला एकजण यायचा, त्याचं येणं बंद झालं. आता निधीवाले म्हणतात कर्ज घ्या. आम्ही सगळे मिळून गेलो आणि सांगितलं, असंच राहिलं तर जूनमध्ये कुलूप लावू."

"असं तोंडावर सांगितलं?"

"मग काय पाठीवर सांगायचं? थोडेफार पैसे मिळाले. दोघांना कमी करावं लागलं, पण त्यांना आम्ही पहिल्या दिवशीच सगळं सांगून ठेवलं होतं."

उल्हासरावांनी यातलं तोंडावर सांगायचं तेवढं घेतलं. शेवटचं वाक्य त्यांनी ऐकूनही ऐकलं नाही.

त्यांनी इलाला फोन केला. आधी हवापाणी झालं, मग तिच्या आईची चौकशी, मग आणखी हवापाणी. शेवटी इलाच म्हणाली, "काका, यू कॉल्ड मी. काय झालं?"

"अगं, मदत हवी होती आम्हाला! तुला कळायला हवं होतं. आपलीच ना तू?"

मग ती सावकाश, शब्द जुळवत बोलली. "काका, मी थ्री टाइम्स विचारलं. मला वाटलं होतं समथिंग इज ऑफ. पण तुम्ही नाही म्हणालात. मी पुरी नको म्हटलं तर तुम्ही वाढली. तुम्ही नको म्हटलं, तर मी ते खरं मानलं. मी तुम्हाला रिस्पेक्ट दिला, काका."

एकोणसत्तर वर्षांच्या माणसाचे कान तापले. त्यांना रागही आला, आणि राग धरायला समोर स्वतःशिवाय कुणी सापडेना. इला म्हणाली, गुरुवारपर्यंत लेखी अपील करता येईल, पण खरं लिहा.

उल्हासराव लिहायला बसले. पहिला खर्डा चार पानी झाला. त्यात स्कॉटलंड नऊ वेळा आलं. शुभाताईंनी तो वाचला, सगळा पुसून टाकला आणि म्हणाल्या, "आता मला सांगा, मी टाइप करते. नटवायचं नाही." मग जे उरलं ते एवढंच: त्या दिवशी दाखवलेली गाडी आमची नव्हती. आमची जुनी आहे, तिला एसी नाही, दार लागत नाही. आम्ही चांगलं दिसावं म्हणून खोटं दाखवलं, दोष माझा. रुपालीला द्यायला आमच्याकडे जूननंतर पैसे नाहीत. तिचा वर्षाचा पगार हवा आहे. द्या.

'द्या' हा शब्द पाठवताना त्यांना घाम फुटला. बिनएसीच्या व्हॅनमध्येसुद्धा इतका फुटला नव्हता.

आणि काय सांगू, मंजूर झालं! आठ दिवसांत उत्तर आलं. एका वर्षाचा पगार, शेवटची मदत. उल्हासराव सकाळी सकाळी व्हॅनपाशी अक्षरशः धावत गेले. रुपाली व्हॅनच्या काचा पुसत होती, श्रीरामकाका आधीच आत जाऊन बसले होते.

"रुपाली! पगार मंजूर झाला! वर्षभराचा!"

रुपालीचा हात काचेवरच थांबला. "मंजूर झाला?" ती म्हणाली. "म्हणजे नामंजूर कधी झाला होता?"

उल्हासरावांनी तोंड उघडलं. नेहमीचं काहीतरी हिरवंगार बाहेर पडेल म्हणून क्षणभर वाट पाहिली.

"तीन आठवडे झाले," ते म्हणाले.

"तीन आठवडे!" तिने फडकं बॉनेटवर आपटलं. "बाप्पा! मी रोज विचारून राहिली, काका. रोज! घराचं लीज रिन्यू केलं मी याच महिन्यात. रुहीच्या शाळेच्या बँडची फी भरली. तुमच्या एका शब्दावर मी ती नोकरी सोडली, अन् तुम्ही मलेच अनीशची गाडी दाखवत होते?"

आतून श्रीरामकाकांनी खिडकीची काच हळूच वर केली. ती अर्ध्यावर अडकली, म्हणून त्यांनी नजर गुडघ्यांवर ठेवली.

"तुला घोर नको म्हणून—" उल्हासराव म्हणाले आणि थांबले. "नाही. मला लाज वाटली म्हणून."

रुपालीने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा आवाज खाली आला, आणि तेच त्यांना जास्त लागलं. "तुम्ही मला पहिलं काम दिलं, ते मी विसरायची नाही. पण मला घर चालवायचं आहे, काका. तुमच्या 'नक्की'वर आता नाही चालवता येत. एअरपोर्टवाल्यांची एक जागा अजून रिकामी आहे, कालच मेसेज आला होता. मी नाही म्हणणार होती. आता हो म्हणते. त्यांना शिफारसपत्र लागते."

"मग हा पगार?"

"दुसऱ्या कुणाला कामावर ठेवा. गरज असलेलं कुणी ना कुणी भेटते. तिला मात्र पहिल्या दिवशीच सगळं सांगा." तिने फडकं उचललं आणि घडी केली. "तुम्हाला काही बोलायचं आहे का?"

उल्हासरावांच्या डोक्यात पुष्कळ वाक्यं होती, एकाहून एक सभ्य. तुझं भलं होत असेल तर आम्हाला आनंदच आहे, हे तर ओठांवरच होतं. ते त्यांनी गिळलं.

"थांब," ते म्हणाले. "जाऊ नकोस. तू गेलीस तर मला फार वाईट वाटेल."

रुपालीचे डोळे भरून आले. उल्हासकाकांनी काहीतरी मागितलेलं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"नाही, काका," ती म्हणाली.

"बरं," उल्हासराव म्हणाले. "पत्र संध्याकाळपर्यंत देतो."