दारापासून दोन पावलांवर

सकाळचा उजेड त्या खिडकीत एकदम येत नसे. आधी बाहेरच्या पेरूची पाने काळ्याची करडी होत, करड्याची हिरवी होत. मग एक फिकट पट्टी गजांमधून आत शिरे आणि खिडकीच्या कट्ट्यावर येऊन थांबे; पुढे यावे की नाही, याचा विचार करीत असल्यासारखी. रात्रभरात कारखान्याकडून उडून आलेली तांबूस धूळ कट्ट्यावर बसलेली असे. एरवी ती कोणाच्या लक्षात येत नसे, पण त्या तिरप्या उजेडात तिचा कण न् कण वेगळा दिसे. पट्टी सावकाश सरके. आधी पाण्याच्या तांब्यावर, मग चष्म्याच्या घरावर, मग भिंतीतल्या प्लगवर, आणि प्लगमधून निघालेल्या काळ्या वायरीच्या वळणांवरून उतरत ती माझ्यापर्यंत पोचे. माझ्या झाकणावर पुष्कळ ओरखडे आहेत. उजेड पडला की ते चांदीच्या तारांसारखे चमकत, आणि तेवढा वेळ मी नवा दिसत असे.

मित्रांनो, तळहातावर मावणारा, झाकण असलेला एक जुना व्हिडिओ गेम आपल्याशी बोलतो आहे. माझ्या पोटात आता वीज नाही. तरी सांगण्यासारखे थोडे उरले आहे.

एका दूरच्या देशात माझी जुळणी झाली. तिथल्या आठवणी मला नाहीत. यंत्राला पहिली आठवण येते ती पहिल्या हाताची. तो हात सुजयचा होता. त्याच्या आत्याने नागपूरहून मला भिलाईला आणले, तेव्हा तो शाळेत होता. त्याचे बाबा श्यामराव पोलाद कारखान्यात मोठ्या भट्टीवर पाळीचे काम सांभाळणारे चार्जमन होते. कारखान्याच्या वसाहतीत त्यांचे क्वार्टर होते, आणि क्वार्टरच्या पायऱ्यांवर माझे बालपण गेले. शाळा सुटली की सुजय पायरीवर बसे. त्याची धाकटी बहीण समृद्धी त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून पाहत राही.

"दादा, मले दे ना एक चान्स."

"तू मारून टाकशीन त्याले. चुपचाप देख."

"मांगच्या वेळी तूच मारला होता!"

"वो अलग था. तेव्हा लाइट कमी होता."

"तो" म्हणजे माझ्या पडद्यावरचा वाटसरू. हातात कंदील घेतलेला तो इवलासा माणूस एक बर्फाचा डोंगर चढत असे. डोंगरावर मधूनमधून झोपड्या होत्या. झोपडीच्या दारातून आत गेले की तिथवरची त्याची वाटचाल माझ्या स्मरणात कायमची राही. दाराबाहेर असताना वीज गेली, तर मागच्या झोपडीपासूनचा सगळा चढ पुन्हा. सुजयच्या बोटांना त्या डोंगराचे प्रत्येक वळण पाठ होते. तो माझ्याकडे पाहून हसे तेव्हा त्याचे दात माझ्या काचेत दिसत. त्या दिवसांत माझी बॅटरी इतकी भरवशाची होती की कोणी तिची विचारपूसही करीत नसे. मित्रांनो, ज्याची विचारपूस होत नाही, त्याचे सारे ठीक चाललेले असते.

पुढे सुजय मोठा झाला. शिकण्यासाठी पुण्याला जायची सकाळ उजाडली. दुर्ग स्टेशनला नेणारी ऑटो फाटकाशी हॉर्न वाजवीत होती, आणि सुजय बूट घालून, पाठीवर बॅग अडकवून, दारातच उभा राहून शेवटच्या झोपडीकडे वाटसरूला नेत होता. ऑटोवाला ओरडला. सुजयने झाकण मिटले. झाकण मिटले की मी विझत नाही, झोपतो. पडद्यावरचे चित्र माझ्या आत तसेच जागे राहते, मात्र विजेची धुगधुगी हवी. त्याने मला श्यामरावांच्या हातात दिले.

"बाबा, याले बंद नका होऊ देऊ हां. दोनच पावलं राहिली दाराले. बंद झाला तं सारा चढ वापस. दिवाळीले येतो अन् पोचवतो त्याले."

"तू जाय बेफिकीर," श्यामराव म्हणाले. "आपल्या हातानं भट्टी थंडी नाही होत."

ते बोलणे सुजयला थट्टेचे वाटले असावे. ते थट्टेचे नव्हते. मोठी भट्टी एकदा पेटली की तिला निवू द्यायचे नसते. आतले लोखंड गोठले तर ती भट्टी कामातून जाते. काम थांबले तरी तिचा ताव राखतात. आणि पुढच्या पाळीचा माणूस, ज्याला तिथे रिलीव्हर म्हणतात, समोर येऊन उभा राहिल्याशिवाय आधीच्या पाळीचा माणूस जागा सोडत नाही. रिलीव्हर आला नाही, तर तो दुसरी पाळीही तिथेच काढतो. श्यामरावांनी उभ्या आयुष्यात ही जागा कधी रिकामी सोडली नव्हती. त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर मला ठेवले, वायर जोडली, आणि ती पुन्हा काढली नाही.

रोज सकाळपाळीला निघण्यापूर्वी ते माझे झाकण उघडीत. वाटसरू बर्फात उभा असे. कंदील डाव्या हातात, दार उजवीकडे, दारावर पिवळा चौकोन. ते एकदा पाहत, मान हलवीत आणि झाकण मिटत. सुजयची आई, ताराबाई, चहा आणताना हे पाहत असत.

"लोकाइच्या घरी देवापुढं नंदादीप असते. आमच्या घरी डबड्यापुढं चार्जर हाये."

"हसून घे. पोराचा माणूस बर्फात उभा हाये, अन् तुले मजाक सुचून राहिली."

"मंग तुमीच लोटा ना त्याले दोन पावलं अंदर. बटन दाबाले का हात भाजते?"

"दुसऱ्याच्या शिफ्टचं हँडल आपून नाही फिरवत." श्यामराव गंभीरपणे सांगत. "ज्याची शिफ्ट, त्याचा हात. आपलं काम ताव राखायचं."

"अन् रिलीव्हर नाही आला तं?"

"येते. कावून नाही येणार?"

दिवाळीला सुजय आला. श्यामरावांनी मला उचलून त्याच्या उशाशी ठेवले, वायरीसह. सुजयसोबत नवा लॅपटॉप होता, मित्र होते, खूप झोप होती. "हां बाबा, नंतर," तो म्हणाला. मी समजून घेतले. प्रवासाने तो थकला होता. पुढच्या खेपेला त्याची परीक्षा जवळ आली होती. त्याच्या पुढच्या खेपेला लग्नाची बोलणी होती. मग बंगळुरूची नोकरी, मग लांबचा देश. प्रत्येक वेळी श्यामराव मला त्याच्या नजरेच्या वाटेत ठेवीत, कधी चहाच्या कपाजवळ, कधी त्याच्या घड्याळापाशी. तोंडाने विचारीत नसत. रिलीव्हरला बोलावून आणायचे नसते; तो आपणहून येतो. आणि सुजय परत गेला की मला उचलून ते पुन्हा कट्ट्यावर ठेवीत.

मित्रांनो, वस्तू बाहेरून म्हातारी होते त्याआधी आतून होते. माझ्या झाकणाची बिजागरी तडकली, आवाज घोगरा झाला, पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा डाग पसरला, डावे बटण बसले. हे सर्वांना दिसे. पण बॅटरी काय सोसत होती, ते कोणास दिसत नव्हते. सदैव भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतीत राहावे, तशी वीज माझ्यात येत होती. पूर्वी वायर नसली तरी मी आठवडाभर जागा राहत असे. मग एक दिवस. मग वसाहतीत दुरुस्तीसाठी वीज बंद झाली की दुपारपर्यंतच माझा दिवा तांबडा होऊ लागला. श्यामराव घाबरले आणि त्यांनी माझ्यासाठी घरात इन्व्हर्टर बसवला. पंखा नंतर त्यावर जोडला. शेवटी शेवटी वायर निघाली की चहाला उकळी येईपर्यंतसुद्धा मला जीव धरवत नसे.

ज्या प्रेमाने मी जिवंत होतो, त्याच प्रेमाने माझी बॅटरी मरत होती. भट्टीला जे मानवते ते बॅटरीला मानवत नाही, हे श्यामरावांना कोणी सांगितले नव्हते.

समृद्धीने ते पहिल्यांदा पाहिले. लग्न होऊन ती दुर्गला मोहन नगरात राहत होती. एका रविवारी तिने धूळ पुसायला मला उचलले, आणि तिचे हात थबकले.

"बाबा, पाहा! पाठ फुगली याची. अंदरची बॅटरी फुगली. रातदिन चार्जिंगले ठेवून ठेवून फुगते हे. काढून टाका, नाहीतं एखाद दिवशी आग लागन घराले."

"काढली तं?"

"तं बंद होईन. दुकानवाला नवी टाकून देईन."

"अन् हा अंदरचा माणूस?"

समृद्धीने मला पुन्हा कट्ट्यावर ठेवले. मग हळूच म्हणाली, "तो तं जाईन, बाबा."

"मंग राहू दे. सुजय येईपर्यंत राहू दे."

त्यांनी दुसऱ्याच दिवशी कुठून तरी एक जाड लोखंडी पत्रा आणून माझ्याखाली घातला आणि खिडकीचा पडदा काढून टाकला. भट्टीवरचा माणूस आगीची काळजी घेतो. भट्टी मात्र सोडत नाही.

श्यामराव निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचे ठरले. कुरुदला त्यांनी छोटे घर बांधले होते. सामानाचा ट्रक सांगितला, तेव्हा त्यांना एकच चिंता होती: मला न्यायचे, तर वायर काढावी लागणार, आणि कुरुदपर्यंतची वाट माझ्याने निभणार नव्हती. त्यांनी प्रथमच फोनवर तोंडाने मागितले. "ट्रक भराच्या दिवशी तू इथं पाहिजे, सुजय. बाकी काही नाही. तू फक्त ये."

सुजय आला. रायपूरला विमानातून उतरून, कुम्हारीच्या रस्त्याने टॅक्सीतून आला. केस थोडे पांढरे झाले होते. घर खोक्यांनी भरले होते. श्यामरावांनी साबणाने हात धुतले, पुसले आणि वायर ताणली जाऊ नये म्हणून सुजयलाच कट्ट्याजवळ बोलावले.

"घे. तुह्या शिफ्टचं हाये. सांभाळ आता."

"अरे! ये अभी भी है?" सुजय हसला. "बाबा, तुम्ही अजून ठेवला हा?"

"ठेवला नाही. चालू ठेवला."

सुजयने झाकण उघडले. तो चेहरा माझ्या काचेत पुन्हा आला. मला वाटले, आता ती बोटे धावतील. अंगठा उजव्या बटणावरून घसरला, डाव्यावर गेला. डावे बसलेलेच होते. त्याने दुसरेच काही दाबले. एक यादी आली आणि गेली. वाटसरू जागचा हलला नाही. बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दिला. सुजयच्या खिशातला फोन थरथरला. त्याने माझ्याकडे पाहिले, मग बाबांकडे पाहिले. झाकण अलगद मिटले.

"पोचला का रे?" श्यामरावांनी विचारले.

"हो बाबा. पोचला."

"दाराच्या अंदर गेला?"

"गेला ना. सेव्ह पण केलं. आता टेन्शन नका घेऊ." त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि फोन कानाला लावून तो अंगणात गेला.

श्यामरावांनी झाकण उघडले. वर्षानुवर्षे रोज सकाळी पाहिलेले ते चित्र त्यांना माझ्याइतकेच पाठ होते. कंदील डाव्या हातात. दार उजवीकडे. मधे बर्फ, दोन पावलांचे. त्यांचा अंगठा उजव्या बटणापाशी गेला, थांबला, आणि परत आला. ताराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"झालं का तुमचं?"

"झालं," श्यामराव म्हणाले. "हँडओव्हर झालं."

त्यांनी आपल्या हाताने वायर काढली. माझा दिवा हिरव्याचा तांबडा झाला. तो विझेपर्यंत ते मला दोन्ही हातांत धरून उभे होते. ट्रकवाला हॉर्न देत राहिला.

आता मी कुरुदच्या घरात फडताळावर असतो. फुगलेली बॅटरी समृद्धीने काढून नेली. तिची जागा रिकामी आहे. इथे उजेड उशिरा येतो, शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून. श्यामराव मात्र अजून सकाळपाळीच्या वेळेला उठतात, खिडकीपाशी जातात, आणि त्यांचा हात कट्ट्यावर काहीतरी शोधून रिकामा परत येतो.

मित्रांनो, तुमच्या यंत्रांना विसाव्याची गरज असते. बॅटरी भरली की वायर काढत जा. जुनी झाली, पाठ फुगू लागली, तर भिऊन ठेवून देऊ नका, मोठ्यांना सांगून वेळेवर काढून घ्या. आणि आणखी एक मागणे आहे, ते यंत्राचे नाही. कोणाला काही सांभाळायला सांगितले असेल, आणि आता ते तुम्हाला नको असेल, तर जाऊन तसे सांगा. ती माणसे सांभाळीतच बसलेली असतात.

मी आजवर स्वतःला सांगत आलो की त्या दिवशी सुजयला घाई होती, ट्रक उभा होता, माझे बटण बसलेले होते. ती सारी कारणे खरी आहेत, पण वाटसरू न पोचण्याचे कारण ती नव्हती.

सुजयला तो खेळ आठवतच नव्हता.