आवाज सुटा मिळत नाही

शनिवारी दुपारी ऑकलंडच्या पापाटोएटोत जगदीशच्या गॅरेजमधून ‘डूम-डूम, ऊ-वा’ ऐकू आलं, की शेजारचे समजायचे, प्रॅक्टिस चालू झाली. संग्राम खालचं ‘डूम-डूम’ करायचा, जगदीश आणि सुचित्रा ‘ऊ-वा’, आणि गाणं म्हणायची स्नेहलताताई. वाद्य एकही नाही. चाल जुन्या अमेरिकन रिदम अँड ब्लूजची, शब्द मराठी. २०१३च्या दिवाळी मेळ्यात चौघं असे गाजले, की त्यांच्याशिवाय ऑकलंडमध्ये बारसं होईना.

मग ताईचा नवरा गेला. लोक डबे घेऊन आले, हीप्स, म्हणजे भरपूर, रडले. बुकिंगचे फोन मात्र बंद झाले. ताईला तर घराबाहेर पडायला गॅरेजमधलं गाणं तेवढं उरलं होतं.

शेवटी पापाकुराच्या सुरेखाकाकूंनी सुनेच्या, स्वानंदीच्या, डोहाळजेवणाला ग्रुप बोलावला. आवाज ताईचाच हवा, फक्त ओटीच्या कार्यक्रमात ती समोर नको. आपण नाही हो मानत, पण लोक असतात. जगदीशही मानत नव्हता. न मानताच त्यानं तोडगा काढला: ताई वायरलेस माइक घेऊन हॉलच्या किचनमधून गाणार, सुचित्रा स्टेजवर ओठ हलवणार. एवढ्या वेळेपुरतं, म्हणाला. ग्रुप टिकावा म्हणून ताई हो म्हणाली.

दुसऱ्याच गाण्यात सुरेखाकाकूंनी कौतुकानं सुचित्राच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. सुचित्रा चावत राहिली, आवाज मात्र खणखणीत वर चढला. पहिल्या रांगेतल्या एका काकांनी हे प्राणायामामुळे जमतं असं बायकोला समजावलं. तेवढ्यात हॉलचा केअरटेकर किचनमध्ये शिरला आणि स्पीकरमधून त्याचा माओरी नमस्कार आणि प्रश्न सगळ्यांना ऐकू आला, “किया ओरा, लव्ह. व्हाय आर यू सिंगिंग टू द फ्रिज?”

लोक हसले. मग वाढायच्या खिडकीतून त्यांना फ्रिजजवळ उभी असलेली ताई दिसली, आणि हसू थांबलं. सुरेखाकाकू लगबगीनं गेल्या आणि त्यांनी खिडकीचं शटर खाली ओढलं.

गाणं तिथेच थांबलं.

जगदीश धावत मागच्या दाराशी आला. ताई बूट घालत होती.

“ताई, कडवं अर्धं राहिलंय. ग्रुपचं नाव जाईल.”

“माझा आवाज शुभ आणि मी अशुभ, असं ना?” ताई म्हणाली. “तो सुटा मिळत नाही, जगदीश. माझ्यासकट घ्यावा लागतो.”

माइक तिनं जिलेबीच्या ट्रेमध्ये ठेवला आणि ती स्टेशनच्या दिशेनं निघून गेली.

जगदीश स्टेजवर परतला. बुकिंग घेतलं होतं, म्हणून तिघांनी पुढची तीन गाणीही म्हटली. डूम-डूम, ऊ-वा, मध्ये काहीच नाही, पुन्हा ऊ-वा. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

ओटी भरायला सुरेखाकाकू पुढे आल्या, तेव्हा फुलांच्या दागिन्यांत झोक्यावर बसलेल्या स्वानंदीनं पदर पसरलाच नाही.

“आई, मध्ये गाणारी कुठे गेली?” तिनं विचारलं.

हॉल भरलेला होता. उत्तर सगळ्यांना माहीत होतं.