बाबांचे हात आणि पिवळी पट्टी

बाबांना ढिली वस्तू बघवत नसे. खुर्चीचा पाय, कपाटाची बिजागरी, कढईचा दांडा, जे हललं ते त्यांनी आवळलंच. घरातला नळ तर त्यांनी असा आवळून ठेवला होता की तोंड धुवायचं म्हटलं तरी त्यांनाच हाक मारावी लागे. पेशाने वायरमन, त्यामुळे खिशात पेचकस आणि पाना सदा हजर. हा माणूस मुलीच्या रोबो स्पर्धेला सोबत आला, तेव्हाच तिला कळायला हवं होतं की आज काही खरं नाही.

मुलीला तिच्या शाळेच्या संघात सगळे कप्तान म्हणत. संघ म्हणजे तरी काय, ती आणि चष्मिस. तिने लोखंड जुळवायचं आणि त्याने प्रोग्राम लिहायचा. वर्षभर खपून दोघांनी चेंडू उचलून टोपलीत टाकणारा रोबो उभा केला होता. आता तपासणीत पास झालं की रोबोवर हिरवा कागद चिकटणार. पहिल्या सामन्याची हाक यायच्या आत तो चिकटला नाही, तर टेबलाशी उभं राहून दुसऱ्यांचे खेळ बघायचे.

तपासणीचं टेबल पिवळ्या पट्टीच्या आत होतं. पट्टीच्या आत फक्त मुलं, मोठी माणसं बाहेर, असा नियम होता. बाबा बाहेरच उभे होते, पण त्यांचे हात आत होते. तपासनीस बाईंनी कप्तानला विचारलं, मुख्य बटण कुठंय. ती दाखवणार तेवढ्यात बाबांनी वाकून ते बंदसुद्धा केलं. बाईंनी धारदार कडांवर बोट फिरवलं, तर बाबा म्हणाले, मी घासल्यात, हात कापणार नाही. चष्मिसने मान खाली घातली. कप्तानच्या डोक्याची शीर तडतडायला लागली.

बाईंनी झाकण उघडून फ्यूज बघितला. कप्तानने स्वतःच्या हाताने लाल बसवला होता आणि आता तिथं हिरवा होता. नियमात बसणाऱ्यापेक्षा बराच मोठा.

"हा कोणी घातला?"

कप्तानने बाबांकडे बघितलं. सकाळी रोबोचा हात उचलताना फ्यूज दोनदा उडाला होता. ती आणि चष्मिस नाव नोंदवायला रांगेत गेले, ते परत येईपर्यंत रोबो गुमान चालायला लागला होता. तेव्हा तिला आनंद झाला होता. कशानं चालला, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

मी घातला, असं म्हणणं सोपं होतं. बाई रागावल्या असत्या, फ्यूज बदलायला लावला असता आणि विषय मिटला असता. खरं सांगितलं तर रोबो मुलांचा नाहीच, असं ठरून संघ बाहेर पडायची भीती होती. बाबा तोंड उघडायच्या बेतात होते. ते मधे पडले की आहे तेही जाणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

"बाबांनी घातला," ती म्हणाली. "आम्हाला न विचारता. कडा घासणं सोडलं तर बाकी सगळं आम्ही केलंय, हवं तर इथंच सुटं करून पुन्हा जोडून दाखवते."

बाईंनी चष्म्यावरून बाबांकडे बघितलं. ते पट्टीपासून चार पावलं मागे सरकले.

"लाल घाल, आणि तो का उडतो ते मला सांग," बाई म्हणाल्या. "पहिली हाक येईपर्यंत थांबते."

तिने लाल घातला. रोबोने हात अर्धा उचलला, कण्हल्यासारखा आवाज केला आणि फ्यूज उडाला. चष्मिसने प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासला. मागून बाबांचं खाकरणं चालू होतं. त्यांचे हात शिवशिवत असणार, हे तिला पाठमोरीला कळत होतं. तिने सगळ्या तारा बोटाने चाचपल्या. एकही खरचटलेली नव्हती.

मग तिने बटण बंद केलं आणि रोबोचा हात नुसता धरून वर उचलायला गेली. तो हलेना. जोर लावला तेव्हा कुठं जेमतेम वर आला. खांद्याचा नट तिने मुद्दाम किंचित सैल ठेवला होता, हात मोकळा फिरावा म्हणून. आता तो असा बसला होता की पाना दोन्ही हातांनी धरून, दात खाऊन फिरवावा लागला. हे आवळणं तिच्या ओळखीचं होतं. रोज सकाळी तोंड धुताना ती त्याच्याशीच झगडत आली होती.

नट मोकळा झाला तसा हात सरसर वर गेला. मोटरला जोर पडत होता म्हणून फ्यूज उडत होता, असं तिने बाईंना सांगितलं. बाईंनी तीनदा हात वरखाली करून घेतला, लाल फ्यूज शाबूत असल्याचं बघितलं आणि हिरवा कागद चिकटवला. लगेच त्यांच्या संघाची हाक आली. चष्मिस गाडा आणायला पळाला.

बाबा हळूच पट्टीशी आले.

"काय अडत होतं गं?"

"खांद्याचा नट घट्ट होता."

"किती घट्ट?"

"घरच्या नळाइतका."

बाबांनी पेचकस खिशातून काढला आणि पुन्हा खिशात ठेवला.

"पण नळ गळत नाही ना," ते म्हणाले.

कप्तानने कपाळाला हात लावला. चष्मिस गाडा घेऊन आला होता. रोबो गाड्यावर चढवायचा म्हणताच बाबा सवयीने पुढे वाकले. तिने नुसतं बघितलं. त्यांनी दोन्ही हात मागे बांधले, आणि गाडा मैदानाकडे गेला तरी ते तसेच उभे होते.