किल्टला खिसा नसतो

किल्ट, म्हणजे आमच्याकडचा चुण्यांचा लोकरी घागरा, भाड्याने न्यायला येणारे पुरुष कमरेच्या मापाबद्दल खोटं बोलतात. डिंगवॉलच्या या दुकानात सत्तावीस वर्षं मी गळ्यात फीत अडकवून उभी आहे. खरं माप सांगणारे आजवर दोघेच भेटले, त्यातला एक पाद्री होता. बाहीच्या मापाबद्दल मात्र कुणी खोटं बोलत नाही. बोलून मिळणार काय? म्हणून त्या मंगळवारी फार्कर मनरो आत आला आणि "बाही छत्तीस" म्हणाला, तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"शाळेत तुझ्या शेजारी बसलेय मी," मी म्हटलं. "तुझे हात चौतिसाच्या पुढे गेलेले नाहीत."

"वाढले असतील."

"छप्पन्नाव्या वर्षी?"

तो हसला नाही. तेही साहजिक होतं म्हणा. शुक्रवारी त्याच्या आईचं, जेसीबाईंचं दफन होतं. किल्ट आजोबांचा, काळं जॅकेट स्वतःचं. अडलं होतं ते शर्टापाशी.

"दफनाला पांढरा, साध्या कॉलरचा शर्ट आणि काळा टाय," मी खोकं काढत म्हटलं. "यात निवडायचं काही नसतंच."

त्याने भिंतीकडे मान केली. "तो दे."

भिंतीवर छातीशी नाडी असलेला दुधी रंगाचा शर्ट टांगला होता. बाह्या उशीच्या अभ्र्याएवढ्या. पोरं असले शर्ट घालून संध्याकाळी नाचायला आणि बिअर सांडायला जातात.

"तो कशाला?"

"सैल आहे."

"फार्कर, आईला पोचवायला चाललायस का जत्रेला? सात जणं काळ्या कपड्यांत पेटी उतरवायचे दोर धरून उभी राहणार आणि आठवा तू, समुद्रावरच्या लुटारूसारखा. जेसीबाई पेटीतून उठतील आणि तुला कपडे बदलायला घरी पाठवतील."

"मग साधाच दे. पण बाही बोटांपर्यंत यायला हवी."

"बोटांपर्यंत बाही शाळेतल्या पोराची असते, पुढच्या वर्षी पुरावी म्हणून. हात काढ."

उजवा हात त्याने कोटाच्या खिशात खुपसला होता. मी माप घ्यायच्या सवयीने मनगट धरून बाहेर ओढला.

थरथरणारे हात मी पुष्कळ पाहिले आहेत. लग्नाच्या सकाळी नवरदेवाची सगळी बोटं एकदम कापतात, एक घोट पोटात गेला की थांबतात. हे तसं नव्हतं. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, न थांबता, जणू तो ब्रेडची गोळी वळत होता. हा हात मी याआधी पाहिला होता. त्याच्या वडिलांचा. अकरा वर्षं, आधी हात, मग मान, मग जीभ. शेवटी सूप चमच्याने तोंडात जाईना म्हणून जेसीबाई ते कपाने पाजायच्या. डिंगवॉलमध्ये हे ठाऊक नसलेलं माणूस नाही.

"कधीपासून?"

"नोव्हेंबर."

"डॉक्टर?"

"जाऊन आलो. तेच आहे." दाराकडे पाहून त्याने आवाज उतरवला. "मार्सलीला कळता कामा नये, रोना. रविवारी पोरीचं विमान आहे. हॅलिफॅक्सच्या बोटीवर अधिकारी म्हणून घेतलंय तिला. कळलं तर ती जाणार नाही. सहा महिने थांबते म्हणेल. मीपण सहा महिनेच म्हणालो होतो."

तो एकोणतीस वर्षांचा असताना, वडिलांसाठी, बोटीवरची नोकरी सोडून आला होता. ते सहा महिने अजून संपले नव्हते.

"आतापर्यंत तिला दिसलं कसं नाही?"

"पँटला खिसे असतात."

"मग सूट घाल."

"आईच्या पहिल्या दोराला मनरो सूट घालून उभा? सगळ्यांच्या आधी तीच विचारेल, डॅडी, किल्ट का नाही." त्याने दोन्ही हातांनी काउंटरची कड घट्ट धरली. "आणि दुसरा दोर तिच्याकडेच आहे. मी डोक्याशी, ती पायाशी. अगदी समोर."

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. काउंटर धरलेला हात स्वस्थ होता.

मी आतून जड इस्त्री आणून त्याच्या उजव्या हातात दिली. "धर. तशीच धरून ठेव."

तो उभा राहिला. मी भिंतीवरच्या घड्याळात पूर्ण दोन मिनिटं मोजली. एक बोट हललं नाही.

मग मला हुशारी सुचली. शुक्रवारचा सगळा कार्यक्रम मी बोटांवर मांडला. चर्चमध्ये हातात प्रार्थनागीतांचं पुस्तक. बाहेर निघताना पेटीची कडी. दफनभूमीत दोर. हात रिकामा असा कुठेच नाही.

"ओझं असलं की हा गप्प बसतो," मी म्हटलं. "तुला लांब बाही नकोच. सरळ चौतीस घे, दुमडलेला कफ, चांदीची बटणं. लांब बाहीकडेच लोक बघतील. नीट बसलेल्या कफाकडे कुणी बघत नाही."

"ती बटणं मला लावता येत नाहीत."

"मी येईन लावायला."

दारातून जाताना त्याने विचारलं, "तुझी खात्री आहे ना?" कपड्यांच्या बाबतीत मला हे आजवर कुणी विचारलेलं नाही. मला रागच आला थोडा. खात्री आहे म्हणाले.

शुक्रवारी सकाळी त्याच्या स्वयंपाकघरात मी कफ बंद केले. मार्सली वरच्या मजल्यावर केस विंचरत होती. त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत होता तरी बोटं आतून ढकलत राहिली, मुठीत धरलेल्या चिमणीसारखी.

चर्चमधलं सगळं मी मांडलं तसं झालं. पुस्तक धरलं, कडी धरली. टेकडीवर वारा होता. स्त्रियांनी टोप्या धरल्या, पुरुषांनी किल्ट. मी दुसऱ्या रांगेत उभी राहिले, तिथून त्याचा उजवा कफ दिसत होता.

अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या गिलँडर्सने कागद काढून नावं वाचली. "एक, फार्कर. दोन, मार्सली." आठही जण पुढे झाले. पेटी खड्ड्यावरच्या फळ्यांवरून उचलली गेली, फळ्या काढल्या, दोर ताणले. फार्करने वीतवीत दोर सोडला, इतक्या शांतपणे की पेटी कुठे घासलीसुद्धा नाही. खाली पोचल्याचा आवाज आला तेव्हा मी श्वास सोडला. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली असेल.

गिलँडर्सने मान हलवली. आठही जणांनी दोर हातातून सोडून दिले. ते पेटीवर पडले, गोंड्यांसकट.

सोडायचेच असतात. कितीतरी दफनं पाहिली मी. दोर खाली टाकतात, मागे एक पाऊल घेतात आणि पाद्री पुस्तक उघडतो. हे मला पाठ आहे. हिशेबात धरलं नव्हतं तेवढं हेच.

पाद्री सावकाश वाचणारा माणूस. फार्करचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. उजवा हलायला लागला. आधी अंगठा, मग मनगट. हात सवयीने मांडीजवळ गेला, खिसा शोधत, आणि लोकरीवरून घसरला. त्याने तो पुढे आणून डाव्या हाताने दाबला. दोन्ही हलायला लागले. पोटावर स्पोरन, किल्टवर बांधायची चामड्याची थैली, लटकत होतं, त्याच्या तोंडाला चांदीची पट्टी. मी लावलेलं चांदीचं बटण त्या पट्टीवर वाजायला लागलं.

टिक टिक टिक टिक.

वारा पडला होता. प्रार्थनेत माना खाली होत्या, पण तो आवाज सगळ्यांना ऐकू जात होता, आणि डिंगवॉलला तो कसला हे समजायला वेळ लागला नाही. म्हाताऱ्या माणसांच्या माना आणखी खाली गेल्या. मी देवाकडे मागितलं की तिने तरी वर पाहू नये. खड्ड्याच्या पलीकडे मार्सलीने वर पाहिलं. आवाजाकडे, हाताकडे, मग बापाच्या तोंडाकडे. तो तिच्याकडे बघत होता. एखाद्याला दारातून बाहेर ढकलताना होतं तसं त्याचं तोंड झालं होतं.

हॉलमध्ये चहा होता. कुणी हाताचा विषय काढला नाही. सगळ्यांनी हवेचा काढला. मी सॉसेज रोलची ताटली घेऊन फिरत होते. मार्सली खिडकीजवळच्या टेबलाशी एकटी बसली होती. कप बाजूला सारलेला. तिने स्वतःचा उजवा हात टेबलाच्या वर, हवेत आडवा धरला होता, बोटं पसरून, आणि ती त्याकडे बघत होती. मग डावा धरला. मग पुन्हा उजवा, जास्त वेळ.

"रोना आँटी," तिने मान वर न करता विचारलं, "आजोबांना सुरू झालं तेव्हा ते किती वर्षांचे होते?"

"साठीच्या पुढे असतील."

"आणि डॅडी छप्पन्न."

तिने पुढचं, स्वतःचं गणित केलं. मी नाही केलं. "सगळ्यांना होतंच असं नाही, बाळा," मी म्हटलं. ते खरंच आहे. पण माझ्या तोंडून त्या दिवशी ते खोटं वाटलं.

फार्कर तिच्या समोर येऊन बसला. आधीपासून दाराशी उभा होता तो. हात हवेत धरलेली पोरगी त्याने पाहिली होती. मंगळवारी दुकानात त्याचं तोंड मला घाबरलेलं वाटलं होतं. आताच्या मानाने ते काहीच नव्हतं.

"मी थांबू का?" तिने विचारलं.

"नको."

"बरं," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली. तिलाही ते कळलं असावं, कारण तिचे कान लाल झाले. "उद्याच्या विमानात जागा असली तर उद्याच निघते मग. उगाच दोन दिवस इथे..."

"असेल जागा. फोन कर."

त्याला जे हवं होतं ते मिळालं. पोरगी चालली होती, एक दिवस आधीच. त्याने उजवा हात उघडा टेबलावर ठेवला, लपवायचं काही उरलं नव्हतं म्हणून, आणि बशीतला चमचा किणकिणायला लागला. मार्सलीने आपले दोन्ही हात टेबलाखाली घेतले आणि विमान कंपनीचा नंबर कुठे लिहिलाय ते आठवायला लागली.